स्कूटरची क्लच स्प्रिंग बदलायचीय? गॅरेजमधे रोज विचारले जाणारे प्रश्न

कळव्याला खारीगाव साईडला आमचं छोटं गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली, काम जवळपास सगळं गिअरलेस स्कूटरचंच. ठाणे, ऐरोली, कोपरखैरणे, घोडबंदर, सगळीकडून लोक येतात आणि आल्या आल्या विचारतात, "क्लच स्प्रिंग गेलीय म्हणे, किती होतील?" आता नुसतं असं विचारलं तर सांगायचं काय, कारण स्प्रिंगा दोन प्रकारच्या आहेत आणि कुठली गेली, का गेली, हे कळल्याशिवाय नवीन टाकून उपयोग नसतो, चार महिन्यांनी गाडी परत दारात. म्हणून रोज जे सांगतो ते इथे एकदा नीट लिहून ठेवतोय.

गिअरलेस गाडीला क्लचच नाही, मग स्प्रिंग कसली?

क्लच आहे, फक्त हँडलला त्याचा लिव्हर नाही. डाव्या बाजूचं लांब कव्हर उघडलं की दोन पुल्या आणि मधे एक जाड रबरी बेल्ट दिसतो. पुढची पुली इंजिनच्या क्रँकवर, म्हणजे फिरणाऱ्या मुख्य दांड्यावर, तिला आपण व्हेरिएटर म्हणतो, तिच्यात रोलर म्हणजे छोटी गोल वजनं असतात. मागची पुली चाकाच्या बाजूला आणि तिच्याच पाठीवर क्लच बसलेला असतो. गाडी उभी असताना क्लचचे तीन शू, म्हणजे घासून पकड घेणारे तुकडे, आतल्या बाजूला ओढलेले राहतात, कारण तीन छोट्या स्प्रिंगा त्यांना धरून ठेवतात. रेस दिली की फिरण्याच्या जोराने शू बाहेर फेकले जातात, भोवतीच्या वाटीला म्हणजे क्लच आउटरला जाऊन चिकटतात आणि गाडी चालायला लागते. जत्रेतला पाळणा जोरात फिरायला लागला की खुर्च्या बाहेर जातात ना, अगदी तसंच.

हे साधारण २,५०० ते ३,५०० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या, मधे कुठेतरी होतं, प्रत्येक मॉडेलचं वेगळं. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, बाहेर फेकणारा जोर आरपीएमच्या वर्गाने वाढतो, म्हणजे आरपीएम १० टक्के वाढला तर जोर २१ टक्के वाढतो, त्यामुळे स्प्रिंग थोडीशी जरी ढिली झाली तरी गाडीच्या वागण्यात लगेच फरक पडतो.

ही सिस्टीम काही नवीन नाही. हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ मधे रबरी बेल्टवर चालणारी कार लोकांसमोर आणली होती, आणि आपल्याकडे १९८४ ला कायनेटिक होंडा आली तेव्हापासून हा बेल्ट घरोघरी पोचला. मी काम शिकलो तेव्हा गॅरेजमधे अर्ध्या गाड्या कायनेटिक होंडाच असायच्या, टू-स्ट्रोक, निळा धूर सोडणाऱ्या. बेल्ट आणि पुल्यांचं तत्त्व तेच, आजच्या गाडीतही तेच.

मग दोन प्रकारच्या स्प्रिंगा कुठल्या?

एक, आत्ता सांगितल्या त्या तीन छोट्या, करंगळीपेक्षा बारीक, दोन्ही टोकांना आकडे म्हणजे हुक असलेल्या. या ओढणाऱ्या स्प्रिंगा. गाडी कधी उचलणार हे त्या ठरवतात.

दुसरी मोठी, मनगटाएवढी जाड, मागच्या पुलीवर दाबून बसवलेली. हिला आमच्यात कॉन्ट्रा स्प्रिंग म्हणतात, काही जण टॉर्क स्प्रिंग म्हणतात. ही दाबणारी स्प्रिंग. मागच्या पुलीचे दोन्ही पत्रे एकमेकांवर दाबून ठेवणं हे तिचं काम, म्हणजे बेल्ट घट्ट धरला जातो. स्पीड वाढला की पुढचे रोलर बेल्टला वर ढकलतात, मागची पुली उघडते, आणि ही स्प्रिंग विरोध करत राहते. चढ आला की हीच स्प्रिंग आणि पुलीतल्या तिरप्या खाचा मिळून बेल्टला परत बाहेर आणतात, म्हणजे आपण गिअर टाकतो ना खालचा, तसं.

दोन्हींचं काम वेगळं, बिघडली तर लक्षणं वेगळी. दुकानदाराकडे नुसतं "क्लच स्प्रिंग द्या" म्हटलं तर तो छोट्याच देणार, हे ध्यानात ठेवा.

छोट्या स्प्रिंगा गेल्या हे कसं ओळखायचं?

सिग्नलला उभे असताना एक्सिलरेटर पूर्ण सोडलाय तरी गाडी पुढे सरकायला बघते आणि ब्रेक दाबून धरावा लागतो, हे पहिलं लक्षण. ब्रेक दाबला की इंजिन गुरगुरतं किंवा बंद पडतं, हे दुसरं. तिसरं म्हणजे आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, कव्हरमधून बारीक खर्र खर्र किंवा टिक टिक आवाज, शू आउटरला घासत असतो तो. एखादी स्प्रिंग तुटली असेल तर तुकडा आत फिरतो आणि पत्र्याच्या डब्यात खिळा टाकून हलवल्यासारखा आवाज येतो, तेव्हा गाडी चालवूच नका, ढकलत न्या किंवा मेकॅनिकला बोलवा.

नाइट ड्युटी करणाऱ्या एका ताई आमच्याकडे यायच्या, त्यांची गाडी तीन हात नाक्याच्या सिग्नलला पुढे सरकायची. त्यांना वाटायचं ब्रेक खराब आहेत, म्हणून दोनदा ब्रेक शू बदलून घेतले दुसरीकडे. ब्रेक अगदी उत्तम होते. कव्हर उघडलं तर तीनपैकी एका स्प्रिंगचा आकडा सरळ झाला होता, आणि तो एक शू कायम आउटरला टेकलेला, आउटर आतून निळा पडलेला. स्टील निळं पडतं म्हणजे ते साधारण ३०० डिग्रीपर्यंत तापलंय. एवढ्या उष्णतेत बाकीच्या दोन स्प्रिंगांचाही ताण जातो, मग त्या अजून ढिल्या, शू अजून घासणार, अजून उष्णता, असं ते चक्र फिरत राहतं. छोटीशी स्प्रिंग वेळेत बदलली असती तर आउटर वाचला असता. त्या ताईंचा दोन महिने सिग्नलला जीव मुठीत होता, पुढे बस उभी आणि आपली गाडी हळूहळू तिच्याकडे चाललीय, त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

आयडल कमी केलं की गाडी सरकायची थांबते, मग झालं ना काम?

उलटं बघा. आधी आयडलच जास्त आहे का ते तपासायचं, क्लच नंतर. कारण आयडल वाढलेलं असेल, एक्सिलरेटरची केबल ताणलेली असेल, तर चांगल्या स्प्रिंगाही शू धरून ठेवू शकणार नाहीत. हँडल डावीकडे उजवीकडे पूर्ण वळवून बघा, रेस आपोआप वाढते का, वाढली तर केबलचा प्रॉब्लेम. कार्ब्युरेटरच्या गाडीत स्क्रू आहे, मॅन्युअलमधे दिलेल्या आकड्यावर आणा. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांमधे फ्युएल इंजेक्शन आहे, तिथे आयडल कॉम्प्युटर सांभाळतो, स्क्रू शोधत बसू नका.

आयडल बरोबर असूनही सरकते, तर स्प्रिंग. तेव्हा आयडल अजून खाली पाडून गाडी थांबवणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर फेकून देणं, गाडी प्रत्येक सिग्नलला बंद पडणार आणि आत शू घासतच राहणार.

गाडी उचलताना थरथरते, तीही स्प्रिंगच का?

बहुतेक वेळा नाही. उचलताना पायाखाली थरथर लागते ते शू चकचकीत झाल्यामुळे, आउटरवर धूळ बसल्यामुळे किंवा सीलमधून ऑइल आत आल्यामुळे. घोडबंदर रोडवर मेट्रो ४ चं काम सुरू झाल्यापासून तर कव्हरमधे इतकी बारीक सिमेंटची धूळ निघते की विचारू नका. साफ करून, शूवर हलका खडबडीत पेपर मारून बघतात आधी. मात्र ऑइल आलं असेल तर सील बदलल्याशिवाय काहीही करू नका, नवीन शूसुद्धा आठवड्यात भिजतील.

मोठी स्प्रिंग बसली की काय होतं?

ही अचानक जात नाही, हळूहळू बसते, म्हणजे दबून बुटकी होते, म्हणून कळतच नाही. सपाट रस्त्यावर, पाम बीचला वगैरे, गाडी छान पळते. पण गायमुखचा चढ, पारसिकचा चढ, किंवा उपवनवरून येऊरला वर जाताना डबलसीट असलं की इंजिन ओरडतंय आणि गाडी पुढे जात नाही, नाहीतर इंजिनच मलूल होतं, कारण पुली लवकर उघडते आणि गाडी वरच्या गिअरमधे अडकल्यासारखी राहते. बेल्ट घसरतो, घसरला की तापतो, कव्हर उघडल्यावर जळक्या रबराचा वास येतो आणि पुलीवर काळा थर दिसतो.

तपासायची पद्धत सोपी आहे, स्प्रिंग बाहेर काढून व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापाच्या पट्टीने, मोकळी लांबी मोजायची आणि मॅन्युअलमधल्या लिमिटशी ताडून बघायची. कमी भरली की बदला. नवीन स्प्रिंग शेजारी उभी करून बघितली तरी जुनी बुटकी दिसते, त्याला मशीन लागत नाही. पण एक सांगतो, पिकअप गेला म्हणून थेट ही स्प्रिंग मागू नका, रोलर एका बाजूने चपटे झाले असतील किंवा बेल्ट झिजून अरुंद झाला असेल तरी हेच होतं, आणि ते जास्त वेळा होतं.

तीनपैकी एकच छोटी तुटलीय, एकच बदलली तर?

नाही. तिन्ही बदला. दोन जुन्या ढिल्या आणि एक नवी कडक असं झालं की शू वेगवेगळ्या वेळी बाहेर येतात, एकच शू सगळा भार घेतो, उचलताना झटका बसतो. पैसे वाचतात म्हणाल तर तेवढ्यात दोन चहा येतील.

किती किलोमीटरला बदलायच्या?

ठराविक आकडा मी देत नाही, कारण जो माणूस रोज कळवा नाक्यावर अर्धा तास रांगेत उभा राहतो, थांब-चाल थांब-चाल, त्याच्या स्प्रिंगा आणि जो नेरूळ ते बेलापूर मोकळ्या रस्त्याने जातो त्याच्या स्प्रिंगा सारख्या झिजणार कशा? किलोमीटर सारखे असतील पण क्लच किती वेळा लागला-सुटला ते मीटरवर दिसत नाही. आमचा नियम असा की बेल्ट बदलायला कव्हर उघडलं की क्लचही उघडून बघायचाच. बेल्टचा आकडा तुमच्या मॅन्युअलमधे आहे, तो पाळा.

घरी, सोसायटीच्या पार्किंगमधे बदलता येईल का?

येईल, हाताला सवय असेल आणि हत्यारं पूर्ण असतील तर. नसतील तर सरळ सांगतो, करू नका, आणि मोठ्या स्प्रिंगला तर एकट्याने हात लावूच नका.

काम असं चालतं. गाडी मेन स्टँडवर, इंजिन पूर्ण गार. कव्हरचे बोल्ट काढताना पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून त्यात ज्या जागचा बोल्ट त्या जागी खोचून ठेवा, कारण लांबी वेगवेगळी असते आणि लांब बोल्ट छोट्या जागी घातला तर केसिंग फुटतं. कव्हर निघालं की पुढचा आणि मागचा नट. आमच्याकडे एअर गन आहे, एका झटक्यात निघतो. घरी गोटी पान्याने काढायचा तर पुली फिरू नये म्हणून धरायला होल्डर लागतो, आणि इथेच लोक स्क्रू ड्रायव्हर पुढच्या पुलीच्या पंख्यात घालून अडकवतात आणि पात तुटते. पंख्याची एक पात तुटली की पुली बॅलन्समधे राहत नाही, ती बदलावीच लागते. होल्डर नसेल तर थांबा, कुणाकडून तरी मागून आणा.

मागचा नट निघाला की आउटर बाहेर येतो, मग बेल्टसकट पूर्ण असेंब्ली. छोट्या स्प्रिंगा गाडीवर असतानाच ओढून काढायचा प्रयत्न काही जण करतात, आम्ही मात्र टेबलावरच करतो. आणि हात लावण्याआधी मोबाईलवर दोन-तीन फोटो काढा, वरून आणि बाजूने, कुठला आकडा कुठल्या भोकात, आकड्याचं तोंड आत की बाहेर. आकडा उलटा बसला तर प्लेटला घासून आठ दिवसात तुटतो.

आता महत्त्वाचं. क्लच प्लेटवर जो मोठा पातळ नट आहे त्याच्या खाली कॉन्ट्रा स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत आहे. नट सुटला की ती सगळा जोर लावून उसळते. आमच्याकडे ती दाबून धरायची क्लॅम्प आहे, घरी लोक गुडघ्याने दाबतात आणि दुसऱ्याला नट फिरवायला सांगतात. तोंड कधीही वर नेऊ नका. नट उडून चष्मा फुटलेला माणूस मी स्वतः बघितलाय, चष्मा होता म्हणून डोळा वाचला. शेवटचे दोन आटे राहिले की दाब अजून वाढवायचा, नट हाताने काढायचा, आणि मग हळूहळू, अगदी लहान मुलाला कडेवरून उतरवतो तसं, स्प्रिंग मोकळी सोडायची.

छोट्या स्प्रिंगा काढायला-घालायला आकड्याचं हत्यार मिळतं, नाहीतर मजबूत पकड चालते, पण स्प्रिंग मधल्या वेढ्यांना धरून ओढू नका, टोकाला धरा. मधे चावा बसला की तिथूनच उद्या तुटणार. आणि आउटर बसवल्याशिवाय इंजिन चालू करून रेस देऊन बघायचा मोह होतो पोरांना, अजिबात करू नका, शूंना अडवायला काहीच नसतं.

फिट करताना सगळ्यात जास्त कुठे चुकतं?

पुढच्या पुलीत बेल्ट अडकतो. हे नीट वाचा, कारण स्प्रिंगच्या कामात स्प्रिंगमुळे नाही तर यामुळे गाड्या कायमच्या खराब होतात.

मागची पुली कॉन्ट्रा स्प्रिंगने बंद असते, त्यामुळे बेल्ट मागे वर बसतो आणि पुढे ताणलेला राहतो. तसाच पुढचा पंखा लावून नट आवळला तर बेल्ट पंखा आणि पुलीच्या मधोमध दांड्यावर बसणाऱ्या नळीच्या मधे चेंगरतो. नट घट्ट झाल्यासारखा वाटतो, टॉर्क पान्यालाही, म्हणजे ठराविक जोराला क्लिक होणाऱ्या पान्यालाही, क्लिक येतो, पण तो घट्टपणा खोटा, पंख्याचा पत्रा नळीला टेकलेलाच नसतो. इंजिन चालू झालं की बेल्ट आपल्या जागी जातो आणि नट आपोआप ढिला.

ऐरोलीच्या एका गिऱ्हाइकाने कुठल्याशा गॅरेजमधे बेल्ट आणि स्प्रिंगा बदलून घेतल्या होत्या, दोनच दिवस झाले होते. मुलुंड-ऐरोली पुलावर मधोमध गाडीतून खडखड आवाज आला आणि ओढ गेली. टेम्पोत घालून आणली. कव्हर उघडलं तर नट कव्हरमधे पडलेला आणि क्रँकवरचे बारीक दाते, ज्याच्यावर पंखा बसतो, ते पूर्ण गुळगुळीत. क्रँक बदलायची म्हणजे इंजिन खाली. तो माणूस डिलिव्हरीचं काम करायचा, गाडी बंद म्हणजे त्या दिवसाची कमाई बंद. ज्याने केलं त्याने मुद्दाम केलं नसणार, घाई केली असणार, पण अर्ध्या मिनिटाच्या घाईचे पैसे त्या पोराने भरले.

उपाय असा. मागची पुली दोन्ही हातांनी फाकवायची, बेल्ट तिच्यात खोल दाबून खाली बसवायचा, म्हणजे पुढे बेल्ट ढिला पडतो. मग पंखा लावा, नट हाताने शेवटपर्यंत गेला पाहिजे, आटे संपेपर्यंत. मगच पाना. टॉर्क मॅन्युअलप्रमाणे. आणि नंतर दोन्ही पुल्या हाताने फिरवा, बेल्ट हळूहळू वर येऊन ताठ होईल, तेव्हाच कव्हर. बेल्टवर बाण असला तर तो फिरण्याच्या दिशेने.

ग्रीस कुठे लावायचं?

मागच्या पुलीच्या आतल्या खाचांमधे आणि पिनांवर, मॅन्युअलमधे सांगितलंय तेवढंच, आणि तिथल्या बेअरिंगला. रोलरना बहुतेक गाड्यांमधे कोरडंच ठेवतात, तुमच्या मॉडेलचं बघून घ्या. जास्त लावलेलं ग्रीस फिरताना बाहेर उडतं आणि थेट शूवर, बेल्टवर. पुलीचे पत्रे आणि आउटरची आतली बाजू फिट करण्याआधी ब्रेक क्लीनर आणि स्वच्छ फडक्याने पुसा.

धुळीबद्दल पण ऐका. आतली काळी पूड तोंडाने फुंकू नका, कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या लायनिंगमधे ॲस्बेस्टॉस असायचं, आत्ताची पूडही फुप्फुसाला चांगली नाही. ओल्या कपड्याने पुसून घ्या. आमच्या उस्तादांना शेवटी शेवटी धाप लागायची, ते आयुष्यभर फुंकूनच साफ करायचे. कारण तेच होतं असं मी म्हणू शकत नाही, पण आमच्या गॅरेजमधे आता कुणीही फुंकत नाही.

१००० आरपीएम, १५०० आरपीएमच्या रंगीत स्प्रिंगा ऑनलाइन मिळतात, टाकू का?

त्या हार्ड स्प्रिंगा. शू उशिरा बाहेर येतात, इंजिन जास्त रेसला गेल्यावर क्लच लागतो, म्हणून सुटताना झटक्यात पळाल्यासारखं वाटतं. इंजिन ट्यून केलेल्या, रेसला नेणाऱ्या गाडीत त्याला अर्थ आहे, कारण तिथे ताकद वरच्या आरपीएमला असते. तुमच्या कामाला जायच्या गाडीत काय होणार, माजिवड्याच्या ट्रॅफिकमधे प्रत्येक वेळी दहा फूट पुढे जायला इंजिन ओरडणार, शू घसरत घसरत लागणार, तापणार, मायलेज पडणार. कडक कॉन्ट्रा स्प्रिंगचंही तेच, बेल्टवर जास्त दाब, इंजिन कायम वरच्या रेसमधे. कॉलेजची पोरं हट्ट करतात, त्यांनाही मी हेच सांगतो. कंपनीने तुमच्या मॉडेलला जी दिलीय तीच टाका, आणि पार्ट नंबर बघून घ्या, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलच्या स्प्रिंगा हातात सारख्या दिसतात पण तार वेगळ्या जाडीची असते.

पावसात विटाव्याच्या पुलाखालून गेल्यावर क्लच घसरतोय, स्प्रिंग गेली का?

बहुतेक पाणी गेलंय. बेल्टच्या कव्हरला हवा घ्यायला वाट असते, पाणी तेवढं वर आलं की आत शिरतं, आणि ओला बेल्ट, ओले शू धरत नाहीत. काही गाड्यांच्या कव्हरला खाली पाणी सोडायचा प्लग असतो. नसेल तर कव्हर काढून पुसून वाळवून घ्या. नुसतं रेस देऊन सुकवत बसू नका, घसरलेला बेल्ट चकचकीत होतो आणि मग कोरडा झाला तरी घसरतो. तसंच ठेवलं तर पंधरा दिवसांनी छोट्या स्प्रिंगांवर गंज दिसतो, आणि गंजलेली स्प्रिंग आकड्याच्या वाकणातूनच तुटते. पावसाळा संपल्यावर जास्त स्प्रिंगा आमच्याकडे बदलल्या जातात, ते त्यामुळेच.

गुलमर्गला बर्फावरची स्नोमोबाईल चालवली, तिथे ड्रायव्हर क्लच स्प्रिंग बदलत होता. तीच सिस्टीम आहे का?

हा प्रश्न दर हिवाळ्यात येतो, काश्मीरची टूर करून आलेल्या कुणाकडून तरी, आणि मला फार आवडतो. हो, कूळ एकच. तिथेही दोन पुल्या आणि रबरी बेल्ट, खाली चाकाऐवजी रबरी पट्टा. बॉम्बार्डिये यांनी कॅनडात १९५९ ला स्की-डू काढली, तेव्हापासून एका-दोघांच्या बसायच्या छोट्या स्नोमोबाईल पसरल्या.

फरक हा की आपल्यासारखा शूवाला वेगळा क्लच तिला नसतो. पुढची पुली हीच क्लच. उभी असताना पुढच्या पुलीचे पत्रे इतके उघडे असतात की बेल्ट मधे सैल पडून राहतो. ते उघडे ठेवते आतली जाड दाबाची स्प्रिंग. रेस दिली की आतली वजनं बाहेर फेकली जातात, स्प्रिंगला हरवतात, पत्रे मिटतात आणि बेल्ट पकडला जातो. म्हणजे आपल्या तीन छोट्या स्प्रिंगांचं काम आणि त्याशिवाय गिअर बदलण्यातला अर्धा वाटा तिथे एकटी स्प्रिंग करते. म्हणून त्या स्प्रिंगा दोन आकड्यांनी ओळखतात, समजा १२०/३४०, पहिला आकडा सुरुवातीचा जोर, दुसरा पूर्ण दबल्यावरचा. पहिला बदलला की मशीन कधी उचलणार ते बदलतं, दुसरा बदलला की पुढे वेगात आरपीएम किती राहणार ते बदलतं. मागच्या पुलीत आपल्या कॉन्ट्रासारखीच स्प्रिंग आणि तिरप्या उताराचा तुकडा.

गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे, हवा विरळ, इंजिनची ताकद कमी पडते. मग खाली समुद्रसपाटीला चालणारी वजनं तिथे जड होतात, इंजिनला हवा तो आरपीएम गाठता येत नाही, म्हणून उंचीप्रमाणे वजनं-स्प्रिंगांचं सेटिंग बदलावं लागतं. ड्रायव्हर बिघाडामुळेच बदलत होता असं नाही, असं सेटिंगही असू शकतं.

बदलायची रीत बघितली तर आपल्यासारखीच धोक्याची. पुढच्या क्लचचं झाकण स्प्रिंगच्या जोरावर ताणलेलं असतं, त्यामुळे बोल्ट एकेक पूर्ण काढायचे नाहीत, प्रत्येकाला थोडं थोडं फिरवत सगळे सारखे ढिले करायचे, झाकण सरळ वर आलं पाहिजे, तिरकं झालं तर आतलं बुशिंग आणि झाकण दोन्ही खराब. झाकणावर आणि पुलीवर खुणा असतात, त्या परत समोरासमोर आल्या पाहिजेत कारण पूर्ण क्लच तसाच बॅलन्स केलेला असतो. पूर्ण क्लच क्रँकवरून काढायचा तर पुलर लागतो, तो शंकूसारख्या दांड्यावर घट्ट बसलेला असतो, हातोड्याने निघत नाही. एकदा हातात यायला पाहिजे एखादी, पण ठाण्यात बर्फ कुठला.

माझ्याकडे जुनी बजाज चेतक आहे, हँडलला क्लच आहे. तिच्या स्प्रिंगा?

तो वेगळा विषय. जुन्या चेतकचा क्लच ऑइलमधे बुडालेला, प्लेटांचा, आणि स्प्रिंगा त्या प्लेटा एकमेकांवर दाबून ठेवतात. म्हणजे तिथे स्प्रिंग ढिली झाली तर क्लच घसरतो, आपल्या गिअरलेसमधे छोटी स्प्रिंग ढिली झाली तर क्लच लागूनच राहतो. अगदी उलट लक्षण. त्यात प्लेटा बदलताना स्प्रिंगा सोबत बदलून घ्या आणि ऑइल नवीन टाका.

इलेक्ट्रिक स्कूटरला?

नाही, यातलं काही नाही. बेल्ट असला तरी तो नुसता चाक फिरवायला असतो, क्लच नसतो.

खर्च किती, आणि मेकॅनिकने फसवू नये म्हणून काय बघायचं?

तीन छोट्या स्प्रिंगांचा सेट अगदी किरकोळ किमतीत येतो, मोठी स्प्रिंग त्याहून थोडी महाग, खरा खर्च मजुरीचा, कारण उघडायचं तेवढंच असतं. शू, आउटर, बेल्ट गेले असतील तर बिल चढतं. म्हणून समोर उभं राहा आणि जुने पार्ट परत मागा, हा तुमचा हक्क आहे, कुठलाही चांगला मेकॅनिक नाराज होत नाही. आउटर बदलायला सांगितला तर आतून नख फिरवून बघा, नखाला खाच लागते का, निळे डाग आहेत का. काहीच नसेल तर विचारा, का बदलायचा. पूर्ण क्लच सेट बदला असं कुणी कव्हर न उघडताच सांगत असेल तर गाडी तिथे सोडू नका.

काम झाल्यावर टेस्ट कशी घ्यायची?

आधी मेन स्टँडवर. आयडलला मागचं चाक थोडं हळूहळू फिरलं तर घाबरू नका, आतल्या ओढीने फिरतं, ब्रेक हलका लावला की निमूट थांबलं पाहिजे आणि इंजिनचा आवाज बदलता कामा नये. ब्रेकशी झगडत असेल तर परत उघडा.

मग रस्त्यावर, पहिले दहा-पंधरा किलोमीटर नवीन शू असतील तर सांभाळून, जोरात सुटू नका, शूला आउटरशी जमवून घ्यायला वेळ द्या. त्यानंतर मी गिऱ्हाइकाला मागे बसवून पारसिकच्या चढाला नेतो, अर्ध्या चढावर थांबतो आणि तिथून परत उचलतो. गाडी मागे न सरकता, न थरथरता, एका दमात निघाली पाहिजे. वर पोचलो की इंजिन बंद करून कव्हरजवळ नाक नेऊन बघतो, जळका वास नसेल तर किल्ली त्यांच्या हातात, आणि आठवड्याने एकदा पुढचा नट तपासायला या म्हणून सांगतो. फुकट बघतो, पण या.